पाकीट न उघडता

मागच्या रांगांमध्ये बसून ‘ह्या आजी कधी संपवतायत’ याचा हिशेब करणाऱ्या नववी-दहावीच्या मुलामुलींनो,

मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, विषय तुम्हीच ठरवा, फक्त मुलांना जवळचा वाटेल असा घ्या. मी अडतीस वर्षं टपाल खात्यात काढली. आंतरदेशीय पत्र आयुष्यात कधी चिकटवलं नाही अशा मुलांना माझ्याजवळचं काय जवळचं वाटणार? हे मी घरी बोलून दाखवलं, तर नात म्हणाली, “आजी, तू सारखी इंटरनेट सोडत असतेस ना, त्यावर बोल.” त्यातला ‘सारखी’ हा शब्द मला जरा लागला. पण खोटं काही नव्हतं.

नात याच शाळेत आहे. आम्ही दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात राहतो, लेकीच्या सरकारी क्वार्टरमध्ये. माझं लहानपणही त्याच कॉलनीत गेलं, वडिलांच्या क्वार्टरमध्ये. खासगीपणा म्हणाल तर त्या कॉलनीत तो औषधालाही नव्हता. दारावरच्या पाटीवरून हुद्दा कळायचा आणि क्वार्टरच्या टाइपवरून पगार. कोणाची बदली झाली, कोणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, कोणाकडे महिनाअखेरीला वाटी घेऊन कोण येतं, हे सगळ्यांना ठाऊक. कॉलनीला जिचं नाव दिलंय, तिची तरी कुठे सुटका झाली? वरसईच्या गोडसे भटजींनी झाशीत पाहिलेलं सगळं पुढे लिहून काढलं, त्यात राणीसाहेबांच्या स्नानाला किती हंडे पाणी लागायचं हेसुद्धा आहे. भटजींचं ‘माझा प्रवास’ छापलं गेलं १९०७ साली. तोवर राणीसाहेबही नव्हत्या आणि भटजीही.

पण कॉलनीत एक सोय होती. शेजारच्या काकूंना आमचं सगळं माहीत असायचं, आणि आम्हाला त्यांचं. त्यांनी आमच्याबद्दल काही वावगं पसरवलं, तर आईकडेही मसाला तयार असे. आता फोनच्या पलीकडे जो कोणी बसलाय, त्याला माझं वजन, माझी औषधं, माझी झोपायची वेळ ठाऊक आहे. मला त्याचं नावही ठाऊक नाही.

हे मला पहिल्यांदा समजलं, असं मला वाटलं, ते २०१८ साली. फेसबुकवरच्या कोट्यवधी लोकांची माहिती केंब्रिज अॅनालिटिका नावाच्या कंपनीपर्यंत पोचल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. मी नुकतीच निवृत्त झालेले, हाताशी वेळ भरपूर. तडक खातं बंद केलं. खातं कायमचं पुसलं जायच्या आत तेव्हा चौदा दिवस विचार बदलायची मुभा असायची. माझा विचार शेवटच्या दिवशी बदलला. इंदूरच्या भावाच्या नातवाचं बारसं झालं होतं आणि फोटो फक्त तिथंच होते.

दुसऱ्यांदा सोडलं ते जानेवारी २०२१ मध्ये. व्हॉट्सअॅपनं नव्या अटी पुढे केल्या, ८ फेब्रुवारीच्या आत मान्य करा म्हणून. एवढी ओरड झाली की मुदत १५ मेपर्यंत वाढवावी लागली. मी मुदतीची वाट न बघता सिग्नलवर बिऱ्हाड हलवलं आणि पन्नासेक जणांना नवा पत्ता कळवला. आले तिघं. भाऊ, ऑफिसातल्या एक मैत्रीण, त्या आल्या आणि पुन्हा बोलल्याच नाहीत, आणि एकदा गीझर दुरुस्त करून गेलेला माणूस. त्याच्याशी काय बोलावं हे मला आजही सुचलेलं नाही. इकडे जुन्या ग्रुपवर ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही’ असा निरोप फिरला. दुसऱ्या दिवशी मी डोक्याला शिकेकाई लावून कोरड्या नळाखाली उभी. दुपारी परत गेले, आणि अटी न वाचताच ‘मान्य’ दाबलं.

न वाचताच यावर हसू नका. अमेरिकेत मॅकडोनाल्ड आणि क्रेनर या दोघी संशोधकांनी २००८ साली हिशेब केला होता. एक माणूस वर्षभरात जेवढ्या वेबसाइटींवर जातो, त्या सगळ्यांची खासगीपणाची धोरणं खरोखर वाचायची म्हटली तर वर्षाला दोनशे तासांच्या वर वेळ लागेल. तेव्हा फोनवर इतकी अॅप्सही नव्हती.

तरी मी वाचायला बसले. चष्मा, वही, पेन्सिल. ‘तृतीय पक्ष’ हा शब्द जिथे येईल तिथे खूण करायची ठरवलं. चौथ्या पानावर पेन्सिलीला टोक करावं लागलं. नातीला विचारलं, “कुकी म्हणजे नक्की काय गं?” ती म्हणाली, “आजी, ते असतंच.” पुढे बरेच दिवस हेच माझं त्यातलं एकूण ज्ञान होतं.

मग एकदा दुपारी पडल्यापडल्या लक्षात आलं, की अगं, हे तर आपण अडतीस वर्षं केलंय.

मुलांनो, १९७९ साली मी सॉर्टिंगला लागले. समोर लाकडी खणांचं कपाट, हातात पत्रांची थप्पी. पत्ता वाचायचा, पत्र खणात टाकायचं. दुसऱ्याचं पाकीट उघडणं हा गुन्हा, आणि मी कधी उघडलं नाही. पण न उघडता काय कळत नव्हतं? पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असला की कोणीतरी गेलंय. कोपऱ्यांना हळदीकुंकू लागलेलं असलं की लग्न. एका ठरावीक पत्त्यावर दर महिन्याच्या दोन तारखेला मनीऑर्डर जाते, म्हणजे मुलगा कमावता झाला. एका महिन्यात ती गेली नाही, म्हणजे नोकरी सुटली, नाहीतर लग्न झालं. आमच्या बीटवरचे एक पोस्टमन काका तर बटवडा करून परत आले की सांगायचे, अमुक घरातल्या मुलीचं जमलंय, आईबापांना अजून कल्पना नाही. आठवड्याला एकाच अक्षरातलं, एकाच गावच्या शिक्क्याचं पाकीट. आतली एक ओळही त्यांनी वाचली नव्हती. पुढे त्या लग्नाला ते जेवूनही आले.

व्हॉट्सअॅपचा मजकूर २०१६ सालापासून असा चिकटवलेला असतो की तो मधल्या कोणाला वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. हे खरंच आहे. पण पाकिटाचं बाहेरचं अंग उरतंच. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळा. आणि कुकी म्हणजे दुकानदारानं तुमच्या पाठीवर तुमच्या नकळत मारलेला शिक्का. त्याच्या दुकानात परत गेलात की तो शिक्का बघून तुम्हाला ओळखतो. एकाच मालकाची माणसं शंभर दुकानांत बसलेली असली, तर तुम्ही कुठून कुठे गेलात हा सगळा प्रवास त्याच्या वहीत उतरतो.

आता एक गणित करू. गणिताच्या सरांनी चूक काढली तर मी बसेन. आपल्या पत्त्यातला पिनकोड, सहा आकडी. तो या देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवला एका मराठी माणसानं, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, नाटककार. तेव्हा मी शाळेत होते आणि वडिलांनी आम्हा भावंडांकडून तो आकडा पाठ करून घेतला होता. समजा, एका पिनकोडात चाळीस हजार माणसं राहतात. माणूस ऐंशी वर्षं जगतो असं धरलं, तर जन्मतारखा किती होतील? ऐंशी गुणिले तीनशे पासष्ट, म्हणजे एकोणतीस हजार दोनशे. एकेका तारखेच्या वाट्याला दीडसुद्धा माणूस येत नाही. त्यात बाई की पुरुष हे विचारलं, की उरतं एकाहून कमी. म्हणजे नाव न सांगता, नुसता पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री-पुरुष एवढं तुम्ही कुठल्याशा स्पर्धेच्या फॉर्ममध्ये भरलंत, की बऱ्याचदा ती एकच व्यक्ती असते. तुम्हीच. लटान्या स्वीनी नावाच्या संशोधिकेनं अमेरिकेच्या जनगणनेवर हाच हिशेब मांडला, तर शंभरातली सत्त्याऐंशी माणसं अशी एकेकटी सापडण्याजोगी निघाली. वेलणकरांनी आकडे बसवले ते पत्र चुकू नये म्हणून. आता माणूस चुकत नाही.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ हे मीही म्हणायचे. पण तुम्ही जन्मायच्या आधीची एक गोष्ट ऐका. १९८६ साली संसदेनं टपाल कायद्यात दुरुस्ती मंजूर केली, सरकारला लोकांची पत्रं अडवायची, उघडायची आणखी सैल मोकळीक देणारी. आम्ही खात्यातली माणसं खालच्या आवाजात बोलायचो, आता आपल्याला काय काय करायला लावतील. तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि कागद परतही पाठवला नाही. नुसता ठेवून दिला. तो कायदा कधी झालाच नाही. सरकारी कागद टेबलावर पडून राहिल्याचा आनंद मला नोकरीत तेवढा एकदाच झाला.

न्यायालयांनाही खासगीपणा समजायला वेळ लागला, मग मी कोण? खरकसिंग नावाच्या माणसाच्या घराचं दार पोलीस अपरात्री ठोठावत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं ते ठोठावणं बंद केलं, पण खासगीपणा हा काही घटनेतला हक्क नाही, असंही बहुमतानं म्हटलं. पुढे आधार आलं. पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. त्याविरुद्ध २०१२ साली कोर्टात गेले ते पुट्टस्वामी, स्वतः निवृत्त न्यायमूर्ती. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नवांत आपले चंद्रचूड होते आणि नागपूरचे बोबडे. आणीबाणीतल्या ज्या निकालाच्या बहुमतात चंद्रचूडांचे वडील होते, तो निकाल मुलानं त्याच निकालपत्रात मोडीत काढला. त्यानंतर बरोबर आठवड्यानं, ३१ ऑगस्टला, मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळे पेन्शनबद्दल बोलत होते, मला मात्र त्या निकालावर कोणाशी तरी बोलायचं होतं. केक कापून झाला आणि ते राहूनच गेलं.

पुढे २०२३ साली कायदाही आला. त्याप्रमाणे तुम्ही अठरा वर्षांचे होईपर्यंत तुमची माहिती घ्यायला आईबाबांची संमती लागणार. आमच्या घरी आईच्या फोनवर ती संमती कोण दाबतं, हे नात स्टेजमागे उभी असल्यामुळे मी सांगत नाही.

तिसरा प्रयत्न गेल्या वर्षीचा. यावेळी मी तयारीनं उतरले. बटणांचा साधा फोन आणला, सिमकार्ड त्यात घातलं आणि मोठा फोन पोह्यांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. चौथ्या दिवशी आयएनए मार्केटात भाजीवाल्याकडे पाचशेचे सुट्टे नव्हते. त्यानं निमूटपणे क्यूआर कोडाची पाटी माझ्याकडे फिरवली. मी कोथिंबीर परत ठेवली. तरीही अकरा दिवस काढले. मग नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबरात पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. बँकेत जाऊन कागदावर देता येतो, म्हणून मी गेले. काउंटरवरच्या मुलानं कागद बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, “आंटीजी, ऐप से कर दीजिए ना, दो मिनट लगेगा.” मी त्याच्यासमोर उभी होते, श्वास घेत होते. पण तो पुरावा त्याला गैरसोयीचा होता.

घरी आले. डबा उघडला. चार्जरच्या भोकात पोहे अडकले होते, ते टाचणीनं काढले. फोन चेहऱ्यासमोर धरला. पापण्या मिटा, म्हणाला. मिटल्या. मी जिवंत ठरले. आणि फोन चालूच आहे तर, म्हणून जरा कॉलनीचा ग्रुप बघितला. रात्रीचे साडेअकरा झाले.

सोडू शकलेली माणसं मला एकाच ठिकाणी सापडली, तीही दीड तासापुरती. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मोकळे. सुरुवातीला तर घरोघर जाऊन बघत. वाचल्यावर मी आमच्या घरी सातचा भोंगा सुरू केला, म्हणजे कुकरच्या शिट्टीवर सगळ्यांना सांगितलं. जावई हसले, लेक म्हणाली मंत्रालयातून फोन येऊ शकतो, नातीचा गृहपाठच फोनवर आलेला. मी एकटीच डब्याशेजारी बसून राहिले. वडगावात सात वाजता बोलायला शेजारी मोकळा असतो. माझ्याशी बोलायला त्या वेळी भिंतीवरचं घड्याळ होतं. माझी सगळी माणसं तिकडे आत आहेत आणि मी एकटी बाहेर येऊन दाराची कडी लावतेय, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून मी ‘सोडते’ असं म्हणणं तेवढं सोडलंय. वाढदिवसाची तारीख मात्र मागेल तिथे खोटी देते. एका चपलांच्या दुकानानं मला परवा फेब्रुवारीत शुभेच्छा पाठवल्या. मी ऑगस्टची.

आज इथे येताना फोन बंद करून पर्समध्ये ठेवलाय. पहाटेपासून बंद आहे, नातीला विचारा. पण तिची आई दौऱ्यावर गुवाहाटीला आहे, आणि कार्यक्रमपत्रिकेवर सहावा नातीच्या कोळीनृत्याचा नंबर आहे. घरातून निघताना तिनं मला बजावून सांगितलंय, आजी, पहिल्या पावलापासून शूट करायचं आणि लगेच आईला पाठवायचं. फोन सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात, शिवाय पासवर्ड आठवायला तीन. तेव्हा मी आता बसते.