ओल्या बाळंतिणीचे बेचाळीस दिवस

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणं खरं आहे. पण घरात मूल जन्मलं की सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे लागतात. पाचवी पुजली जाते, बारसं होतं, पेढे वाटले जातात. आणि जिचा दुसरा जन्म झाला ती कोपऱ्यात बाजेवर पडलेली असते. “बाई, तुला कसं वाटतंय?” हे विचारायचं राहून जातं. आज तिच्याविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

हा बायकांचा विषय, पुरुषमाणसानं यात कशाला बोलावं, असं कोणी म्हणेल. पण अपरात्री गाडी बोलवायची की सकाळची वाट पाहायची, हे अनेक घरांत पुरुषच ठरवतो. तेव्हा त्यालाही हे ठाऊक असलेलं बरं.

आपल्या जुन्या माणसांनी बाळंतिणीला सव्वा महिना विसावा दिला, हे फार शहाणपणाचं झालं. डॉक्टरी हिशेबात हा काळ बेचाळीस दिवसांचा, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याहून चार-पाच दिवस अधिक. अळिवाची खीर, डिंकाचे नि मेथीचे लाडू, बाजरीची भाकरी, तूप, हे सारं द्यावं. मात्र काही चाली सोडायला हव्यात. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ही त्यातली एक. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. दर पाजण्याच्या वेळी पेलाभर पाणी तिच्या हाताशी असावं. भाजी, फळ, डाळ तोडू नये. दारं-खिडक्या लावून बाजेखाली शेगडी ठेवू नये. कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततो.

आता स्वच्छतेचं पाहा. १८४७ साली व्हिएन्नाच्या एका मोठ्या इस्पितळात सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तिथं बाळंतज्वरानं बायका पटापट दगावत. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात, हे त्यांनी हेरलं आणि क्लोरीनच्या पाण्यानं हात धुण्याचा नियम घातला. मृत्यू झपाट्यानं कमी झाले. त्यापासून आपण घ्यायचं ते एवढंच: बाळंतिणीला हात लावणाऱ्यानं साबणानं हात धुवावेत, तिनं घ्यायची घडी स्वच्छ असावी, कापडाची असेल तर धुऊन कडक उन्हात वाळवलेली असावी. लाजेपायी ती अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालू नये.

बाईनं स्वतःसाठी काय करावं? बाळ झोपलं की आपणही झोपावं. दिवसातून चार वेळा घरातल्या घरात चालावं, म्हणजे पायांत रक्त साकळत नाही. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही रोज एक, १८० दिवस घ्यायची असते. ती चहाबरोबर घेऊ नये. जड हंडा, विहिरीचं पाणी, शेतावरचं काम यांना बेचाळीस दिवस सुट्टी. आणि सर्वांत मोठं काम म्हणजे बोलणं. दुखतंय ते सांगावं. “सासरची माणसं काय म्हणतील” म्हणून दुखणं गिळू नये.

कोणती दुखणी गिळायची नाहीत, ती नीट ऐका. तासाभरात एक घडी भिजून चिंब होत असेल किंवा रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील. थंडी वाजून ताप येत असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत असेल. डोकं असह्य दुखत असेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, झटका आला असेल. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल. छातीत दुखत असेल वा दम लागत असेल. तर बाहेरची बाधा म्हणून बसू नका, सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा. रक्तस्रावात तास मोजायला वेळ नसतो.

२०१८-२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू नोंदला गेला. साऱ्या देशाचा आकडा ९७ होता. आपण बरेच पुढं आलो आहोत. पण ज्या घरातली एक जाते, त्या घराला या आकड्याचं काय समाधान?

आणखी एक दुखणं आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ बायकांना उगाच रडू येतं, मन हळवं होतं. दोन आठवड्यांत ते आपोआप निवळतं. पण त्यापुढंही उदासी राहिली, बाळ झोपलं तरी झोप येईना, बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना, तर तो आजार समजावा. ही थेरं नव्हेत आणि यात तिचा काही दोषही नाही. औषधानं आणि मायेच्या शब्दानं तो बरा होतो. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयी फुकट बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, भलतेच आवाज ऐकू येऊ लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि तिला एकटं सोडू नये.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताई घरी यायच्या असतात. आपण त्यांना बाळ दाखवतो. त्याच वेळी आईलाही पुढं बसवा आणि तिला तिच्या तोंडानं बोलू द्या. सासूबाईंनी तिच्या वतीनं उत्तरं देऊ नयेत.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पालकसभेत वाचून दाखवा. वरच्या वर्गातल्या मुलांनी तो कागद घरी न्यावा. उद्या कुणाच्या वहिनीला, कुणाच्या ताईला रात्री ताप भरला, तर घरात निदान एकाला तरी तो आठवेल.