अधांतरीची शाळा

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका हे गाव आहे. केंपेगौडांचे हे मूळ ठाणे. ज्याने 1537 मध्ये बंगळूर वसविले तो येथूनच निघाला. आणि पुढे शंभर वर्षांनी तो मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला, तेव्हा मराठी माणसाला हे नाव अगदीच परके नाही. येथल्या माळावर दुसऱ्या महायुद्धात विमानतळ झाला. 1944 साली ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक आपली जुनी विमाने मागे ठेवून थंडरबोल्ट हे अमेरिकन विमान शिकण्यास येथे आले होते. भारतीय हवाई दलाच्या काळातही ही रीत मोडली नाही. मालवाहू विमाने आणि एमआय-8 हेलिकॉप्टर शिकण्यास वैमानिक येथे येत राहिले, आणि 17 डिसेंबर 2017 रोजी एमआय-8 ने हवाई दलाचा निरोप घेतला तोही येथेच. ज्याला उडता येते त्याने पुन्हा विद्यार्थी व्हावे, अशी ही जागा आहे.

1996 पासून एक वर्षाआड येथे विमानांचे मोठे प्रदर्शन भरते. लढाऊ विमान कानठळ्या बसवीत गेले की गर्दी टाळ्या देते. एखादे हेलिकॉप्टर जमिनीपासून चार हात वर नुसते उभे राहिले, तर कोणी फारसे लक्ष देत नाही. वास्तविक त्या उभे राहण्यातच सारी विद्या आहे, आणि ती सर्वांत महाग पडते ती नौदलाच्या तरुण प्रशिक्षणार्थीला.

हा तरुण प्रथम साधे विमान चालविण्यास शिकलेला असतो. वेग म्हणजे जीव, वेग गेला की विमान पडले, हा धडा त्याच्या हाडीमासी खिळलेला असतो. हेलिकॉप्टरचे शिक्षण घेण्यासाठी पूर्वी तो कोचीला जाई. 1992 पासून हे विद्यालय चेन्नईच्या वाटेवरील अरक्कोणम येथे, ‘राजाळी’ या नौदलाच्या तळावर आहे. तेथे त्याच्या हाती बहुधा चेतक येई. मूळचे हे फ्रेंच यंत्र 1965 पासून बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्यात तयार होऊ लागले. डाव्या हाताचा दांडा वर ओढला की पात्यांचा कोन वाढून यंत्र उचलले जाते. उजव्या हातातील दांडा ज्या दिशेस कलवावा तिकडे ते सरकते. पायांखालच्या पट्ट्या शेपटीचा पंखा सांभाळतात. ऐकावयास हे सोपे आहे. परंतु वरून पाहिले असता चेतकची पाती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, म्हणून डावा हात वर जाताच नाक डावीकडे वळू पाहते. ते आवरण्यास उजवा पाय दाबावा, तर तेवढ्यात यंत्र बाजूस सरकलेले असते. एक चूक निस्तरताना दुसरी घडते. जो चूक दिसल्यावर ती सुधारू जातो तो नेहमी अर्धा क्षण मागे राहतो. शिक्षक एकच गोष्ट सांगत असतो, हात सैल ठेव आणि दूर पाहा. मग एके दिवशी, का ते त्यालाही सांगता येत नाही, यंत्र उभे राहते.

येलहंक्याची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच. तेथील विरळ हवेत, विशेषतः उन्हाळ्याच्या दुपारी, तेच ओझे उचलण्यास इंजिनाला अधिक शक्ती वेचावी लागते. नाविकाला ही अडचण समुद्रावर नाही. त्याची अडचण निराळी आहे.

पण त्याआधी इंजिन बंद पडण्याचा धडा येतो. शिक्षक शक्ती काढून घेतो आणि यंत्र खाली जाऊ लागते. अशा वेळी माणसाचा हात स्वभावतःच दांडा वर ओढू पाहतो, आणि तसे केले तर घात होतो. कारण मग पात्यांची गतीच मरते. दांडा तत्काळ खाली सोडावा लागतो. मग खालून येणारा वारा पाती फिरवीत ठेवतो, जत्रेतले भिरभिरे फिरते तशी. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडावयाचा आणि पात्यांत साठलेली गती शेवटच्या क्षणी एकदाच खर्चावयाची. दुसरी संधी नसते. पडण्यावर विश्वास ठेवणे हे भल्याभल्यांना जड जाते.

7 जून 2024 रोजी ‘राजाळी’वर व्हाइस ॲडमिरल राजेश पेंढारकर यांच्या हस्ते नव्या वैमानिकांच्या छातीवर सोनेरी पंख लागले. त्यांत सब-लेफ्टनंट अनामिका राजीव होत्या, नौदलाच्या पहिल्या महिला हेलिकॉप्टर-वैमानिक. पंख लागले म्हणजे शिक्षण संपले असे मात्र नव्हे. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 ही कामगारांची तराफा-नौका बुडाली. कित्येक माणसे दगावली. वाचलेल्यांना शोधण्यास नौदलाच्या जहाजांबरोबर हेलिकॉप्टरेही गेली. अशा पाण्यावर उभे राहताना पाहावयास झाड नाही, खांब नाही. खालचे पाणी धावते आणि आपणच वाहत चाललो असे डोळ्यांना वाटते. परतीला जहाजाची डेक वर येते, कलते, खाली जाते. नवखा तिच्या मागे धावतो. शिकलेला धावत नाही. तो दोन्ही हात सैल ठेवून डेकच्या वर अधांतरी थांबतो, लाटा मोजतो, आणि जहाज क्षणभर समतल झाले की डावा हात खाली नेतो.