शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

(पार्सिपनी येथील दिवाळी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शिवनेरी म्हटलं की आपल्याला जिजाऊ आणि बाळराजे आठवतात. आज मी त्याच गडाच्या कड्यावरच्या एका वनस्पतीची ओळख करून देणार आहे. तिचं नाव शिंदळ माकुडी. (नावाचा अर्थ मुलांनी आजीला विचारू नये, ओरडा बसेल!)

बोटाएवढ्या गुबगुबीत फांद्या कातळाच्या खाचेतून लोंबतात. पावसाळ्यात पानं येतात, उन्हाळ्यात गळतात आणि झाड फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर दिवस काढतं. फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं, चांदणीसारखं, तांबडं-जांभळट, वर पिवळे ठिपके. १८६५ च्या सुमारास डाल्झेल या वनाधिकाऱ्याने त्याला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून 'फ्रेरिया इंडिका' नाव दिलं. गव्हर्नरसाहेबांचा त्यात काय वाटा, कोण जाणे!

रानात ती फक्त महाराष्ट्रात उगवते. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा अशा मोजक्या जागी, तीही थोडीथोडी. एकेकाळी जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिची गणना झाली होती.

गंमत म्हणजे तिची फांदी कुंडीत सहज रुजते. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या खिडक्यांत ती सुखाने फुलते. पण एका फांदीपासून केलेली शंभर रोपं म्हणजे एकाच झाडाच्या शंभर प्रती. नवं झाड बी पासून होतं आणि त्यासाठी माशी लागते. ही रुईच्या कुळातली, परागांचे गोळे माशीच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर जातात. मग शेंग फुटून रेशमी तंतूंची बी, आपण लहानपणी जिला 'म्हातारी' म्हणायचो तशी, वाऱ्यावर उडते आणि एखादी कड्याच्या फटीत अडकते. हे इथल्या खिडकीत कसं होणार?

म्हणून एक विनंती. सुट्टीत शिवनेरीला गेलात तर मुलांना ती लांबून दाखवा, फोटो काढा. "आठवण म्हणून एकच फांदी" असं म्हणून तोडू नका. मुळात झाडं कमी, त्यात आपल्यासारखे हौशी खूप. शिवाय कागदपत्रांशिवाय आणलेलं रोप इथल्या कस्टम्सवाले काढून घेतात, ते वेगळंच. हवीच असेल तर सक्युलंट विकणाऱ्या नर्सरीत वाढवलेलं रोप शोधा.

आणि कोणाकडे ती आधीच असेल, तर या थंडीत पानं गळली म्हणून घाबरून पाणी ओतू नका. सुकी ठेवा, उन्हाच्या खिडकीत.