हुकूम यंत्राचा, जबाबदारी कोणाची?

(चाळीसगाव येथील भाषणातून)

1900 साली चाळीसगावहून धुळ्याचा रेल्वेफाटा निघाला, तेव्हा माल हमालाच्या पाठीवरून डब्यात चढे. आज कोणता ट्रक कोणत्या वाटेने न्यावा, गोदामात किती माल ठेवावा, हे मोठ्या कंपन्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवू लागली आहे. रिकाम्या खेपा टळतात, डिझेल वाचते. त्याला आमचा विरोध नाही. परंतु हुकूम यंत्राचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, हे चालणार नाही. हमालाला कायमचा एक मालक नव्हता, म्हणूनच 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळे उभारून मजुरी व भविष्यनिर्वाह निधीची जबाबदारी सर्व मालकांवर टाकली. मोबाइलवर हुकूम घेणाऱ्या चालकाचे नावही अशाच नोंदवहीत चढले पाहिजे. वाचलेल्या डिझेलमध्ये त्याचाही वाटा आहे.