चक्कीचा पट्टा
(बार्शीटाकळी येथील भाषण)

मैत्रिणींनो, चक्कीचा पट्टा तुटला की दोन-दोन दिवस दळण अडतं. आपण मिस्त्रीची वाट पाहत बसतो. का? १९४८च्या कारखाना कायद्यात स्त्रियांना मनाई होती ती चालू यंत्राचा पट्टा नीट करायला. बंद चक्कीलाही हात लावू नको, हे घरच्यांनी सांगितलं!

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवा. पदर खोचा. मोटरचे बोल्ट ढिले करून मोटर चक्कीकडे सरकवा. पट्टा हातानंच निघतो, पान्यानं उचकटू नका. जुन्या पट्ट्यावरचा नंबर पाहूनच नवा आणा. तो चढवून मोटर मागे ओढा, बोल्ट आवळा. अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा थोडासाच दबावा. आणि जाळी परत बसवल्याशिवाय चक्की सुरू करू नका. पदर ओढला जातो तो तिथंच.