गळ्यातले गाणे आणि वहीतले गाणे



व्याख्यानमालेत थोर पुरुषांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकतो. आज आम्ही एका घरधनिणीविषयी बोलणार आहोत. बहिणाबाई चौधरी हे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला ते देण्यात आले. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिचे नाव विद्यापीठाला! याचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र आपण विसरतो. बहिणाबाईंची गाणी हरवायची राहिली, ती अगदी थोडक्यात.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी, महाजनांच्या घरी झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या आणि तिशीतच त्यांना वैधव्य आले. पदरात तीन मुले. त्यांतल्या ओंकारला प्लेगने कायमचे अपंग केले आणि सोपान तर तेव्हा अवघा तीनेक वर्षांचा. त्यांची पेढी नव्हती की दुकान नव्हते. पण शेतावर घर चालवणे हाही एक व्यापारच आहे. बी किती राखावे, मजुरी किती द्यावी, पाऊस रुसला तर काय विकावे, हा हिशेब कोणाला चुकतो? वाण्याची खतावणी तरी असते. न शिकलेल्या बाईला सारे डोक्यातच ठेवावे लागते. बहिणाबाईंचे गाणेही तसेच डोक्यात राहिले.

हे गाणे फुरसतीचे नव्हते. पहाटे घरोटावर हात फिरू लागला की ओवी आपोआप त्या फेऱ्याशी जुळे. मोट, पेरणी, मळणी, सुगरणीचा खोपा, आखाजीचा सण, जे समोर आले ते गाण्यात आले. आणि भक्ती? बहिणाबाईंना देव देव्हाऱ्यापुरता पुरत नसे. मातीत दडलेले बी वर येताना पाहूनही त्यांचे हात जोडले जात. कष्ट, गाणे आणि देव अशी तीन खाती त्यांच्या वहीत निराळी नव्हतीच.

सोपानदेवांनी शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट आईला सांगितली आणि सकाळपर्यंत तिचे गाणे तयार झाले, अशी हकीकत सांगतात. सोपानदेव पुढे स्वतः कवी झाले. त्यांनी आणि एका नातलगाने आईची काही गाणी लिहून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीत गाणी होती पस्तीस. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात फक्त पस्तीस! बाकीची पिठाबरोबर सांडली आणि मोटेच्या पाण्याबरोबर वाहून गेली.

आता खानदेशाच्या पश्चिमेला, धुळ्याला जाऊ. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून जुनी दप्तरे गोळा केली. १९२६ साली धुळ्यातच त्यांनी देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थांच्या वाङ्मयाची हस्तलिखिते जिवापाड जपली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली, म्हणून आज घराघरांत वाचली जातात. बोलणारा थोर होता, हे खरे. पण ऐकणाऱ्याने लेखणी उचलली नसती तर?

मग बायकांच्या गाण्यांसाठी लेखणी का उचलली गेली नाही? सनद म्हणजे इतिहास, पोथी म्हणजे धर्म आणि जात्यावरची ओवी म्हणजे घरचेच काहीतरी, अशी आमची समजूत होती. यात आम्ही सारेच दोषी आहोत. पापड-शेवया विकून किंवा लहानशा दुकानाच्या गल्ल्यावर बसून ज्यांनी घर सावरले आणि रात्री भजनात ज्यांचा सूर सर्वांच्या वर लागे, अशा आज्या आमच्या घरांतून होत्या. त्यांनी विकत घेतलेली भांडी आम्ही जपली. त्यांचे गाणे विचारले, तर आम्हांला पहिली ओळ आठवते आणि दुसरीला आम्ही अडखळतो.

आखाजी जवळ आली आहे. माहेरवाशिणी येतील, झोके बांधले जातील आणि कोपऱ्यात बसलेली एखादी म्हातारी दोन ओळी गुणगुणेल. त्या वेळी तिच्याजवळ वही घेऊन बसा. तिची बोली शुद्ध करू नका. जशी आहे तशीच उतरून घ्या. गाण्याबरोबर तिचा हिशेबही विचारा: पहिली कमाई किती झाली, कर्ज कसे फेडले, कोणत्या देवाला काय बोलली. प्रत्येक घरात बहिणाबाई जन्माला येईल, असे नाही. सोपानदेव होणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.