सोंग कोणी घ्यायचं?

धानाची कामं आवरत आलीत आणि 3 जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती तोंडावर आली. त्यामागोमाग 12 तारखेला जिजाऊंची. केशोरी आणि आजूबाजूच्या गावांत गटाच्या बैठकीला बसलं की विषय निघतो, वेशभूषेत यंदा तू कोण होणार?

सोंग घेणं आपल्या झाडीपट्टीला नवं नाही. दिवाळी झाली की मंडई भरते, दंडारीत बाप्ये माणसं लुगडं नेसून नाचतात, रात्री नाटकाला सारं गाव लोटतं. आपल्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तीही सोंग उत्तम वठवल्याबद्दलच की! अमेरिकेत 31 ऑक्टोबरला हॅलोविन असतो. त्या दिवशी तिथली मोठी माणसंसुद्धा भुतं-चेटकिणी होऊन फिरतात. आपण मात्र तान्ह्या पोळ्याला पोरांना नटवतो आणि स्वतः लाजतो. लाजू नका.

आता निवड कशी होते ते पाहा. जिच्याकडे नऊवारी आहे, नथ आहे, जी उजळ दिसते, ती जिजाऊ. बारीक असेल ती झाशीची राणी. आणि जिचा नवरा वारला, ती मागच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवणार. तिला कोणी नाही म्हणत नाही, पण विचारतही नाही. कपाळावर ठसठशीत कुंकू लावायचं, हिरव्या बांगड्या भरायच्या, मग तिला कसं घ्यायचं, असं मनात असतं.

बायांनो, आपण सोंग कोणाचं घेतो ते तरी पाहू. शहाजीराजे 1664 साली गेले. 6 जून 1674 ला रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा जिजाऊंना विधवा होऊन दहा वर्षं झाली होती. अहिल्याबाईंचे पती कुंभेरच्या वेढ्यात 1754 साली पडले. त्यांनी राज्य केलं ते त्यानंतर, 1767 ते 1795. झाशीची राणी 1853 मध्ये विधवा झाली आणि लढली 1857-58 मध्ये. जोतीराव 1890 साली गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. पुढे सात वर्षं त्यांनी सत्यशोधक समाजाचं काम केलं आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला प्राण सोडला.

चौघीही विधवा. मग आपल्या गटातली विधवा बाई यांच्यापैकी कोणीही का होऊ नये? खरं तर तिला ही भूमिका आपल्यापेक्षा जास्त कळेल. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला, शासनाने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. आपण ठरावाची वाट कशाला पाहायची? बैठकीत नावं लिहिताना पहिलं तिला विचारा. कुंकू लावायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. तिने नाही म्हटलं तर आग्रह करू नका, आणि हो म्हटलं तर कुजबुजू नका.

एक सोंग मात्र नको. अंगाला काळं फासून, डोक्यात पिसं खोचून कोणी "आदिवासी" होते आणि सारे हसतात. आपल्या शेजारच्या गोंड बाया रोज तुमच्या-आमच्यासोबत रोवणीला असतात. त्यांच्यासमोर हे करताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही?

खर्चाचं म्हणाल तर ड्रेपरी भाड्याने आणायची गरज नाही. सावित्रीबाईंसाठी घरचं साधं लुगडं चालतं. त्या शाळेत जाताना लोक शेण-चिखल फेकत, म्हणून बदलायला दुसरं लुगडं सोबत नेत. तेव्हा एक लुगडं अंगावर आणि एक पिशवीत, एवढंच घ्या, पाहणाऱ्याला कळतं. अहिल्याबाईंना पांढरं पातळ आणि हातात महादेवाची पिंड. राणीची तलवार पुठ्ठ्याची करा, पोरं हौसेने कापून देतील. दोन मिनिटं बोलायचं असतं, ते आधी घरी मोठ्याने म्हणून पाहा. आणि पदर खांद्यावर पिनेने पक्का लावा, नाहीतर सारं लक्ष पदर सावरण्यातच जातं.